रविवारचं पाणी

काकी भाकरी थापायला बसली की तिच्या बांगड्या वाजायला लागायच्या, आणि भिंतीपलीकडून तो आवाज ऐकत मी अंथरुणात लोळत पडायचे. आमचं घर आणि नानांचं घर यांच्यामध्ये भिंत एकच होती, अंगण एकच होतं. नाना म्हणजे माझे चुलते, आप्पांच्या पाठचे. आणि आप्पा म्हणजे माझे वडील. पलीकडे मिरच्या कुटायला घेतल्या की आम्ही इकडे खोकायचो, इकडे लसणाची फोडणी बसली की पलीकडून नाना विचारायचे, ‘वैनी, आज काय?’ मी दिवसभरात कुणाच्या घरी जेवले हे संध्याकाळी कुणाला आठवत नसे. खरं सांगायचं तर मी काकीकडेच जास्त जेवायचे. आईच्या हाताला नेहमी घाई असायची आणि काकीच्या हाताला कधीच नसायची. ती हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करायची तेव्हा मला शेजारी बसवून घ्यायची. तळहातावर पीठ वळायचं आणि बोटाभोवती वाकवून आकडा करायचा, एवढंच काम. पण माझी शेंगोळी नेहमी वाकडीतिकडी व्हायची. काकी ती वेगळी काढून नानांच्या ताटात वाढायची आणि म्हणायची, ‘ही तुमच्या लाडक्या पुतणीची. मुकाट्यानं खायाची.’ नाना मुकाट्यानं खायचे. तेव्हा तिला मूल नव्हतं. मुलगा झाला तो पुढे, फार उशिरा, आणि तोवर मीच तिची होते असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

हे सगळं बोरीचं, आमच्या गावचं. आता तिथे गेलं तर ते घर ओळखू येत नाही. कालव्याचं पाणी आलं, कांद्याच्या जागी ऊस आला, उसाबरोबर बिबट्या आला. काकीचा मुलगा फोनवर सांगतो, ‘आक्का, या कवाबी, पर सांजच्याला रानात जायाचं नाय.’ मी सत्तरी ओलांडलेली बाई, मला बिबट्या खाऊन खाऊन काय खाणार? पण आमच्या लहानपणी त्या रानात भीती वाटावी असं काही नव्हतं. भीती वाटली ती घरातच, आणि तीही आप्पांनी बाप्तिस्मा घेतल्यानंतर.

आई फार आजारी पडली होती. तिला मिशनच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि आप्पा तिच्या उशाशी राहिले होते. परत आले तेव्हा आई बरी होऊन आली आणि आप्पा वेगळे होऊन आले. त्या दवाखान्यात त्यांनी काय ऐकलं, काय पाहिलं, हे त्यांनी आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. ते बोलणारे गृहस्थच नव्हते. पुढे काही महिन्यांनी दोघांनी बाप्तिस्मा घेतला आणि आम्हा पोरांनाही पाण्याखालून काढलं. घरातला थोरला म्हणून देव्हारा आप्पांकडे होता, वाडवडिलांचे टाक होते, कुळाचार होता. आप्पांनी ते सगळं स्वच्छ पुसून, नव्या कापडात गुंडाळून नानांच्या हातात दिलं. नानांनी ते घेतलं आणि म्हणाले, ‘देव दिलंस, ठीक हाये. आन् मला कुनाच्या हाती देनार?’ याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. आठ दिवसांत अंगणात बाभळीच्या काट्यांचं कुंपण उभं राहिलं, आमच्या दारापासून थेट गोठ्यापर्यंत. पहिल्या नाताळात आईनं करंज्यांचं ताट भरून पलीकडे पाठवलं, ते तसंच परत आलं. वरचा रुमालसुद्धा हललेला नव्हता.

गावानं तसा फार त्रास दिला नाही. ‘किरिस्ताव’ म्हणायचे, चावडीवर आप्पा आले की गप्प व्हायचे, एखाद्या लग्नाचं बोलावणं यायचं राहून जायचं. त्याची सवय झाली. सवय झाली नाही ती त्या भिंतीची. काकीच्या बांगड्या तशाच वाजत होत्या, तव्यावर भाकरी फुगल्याचा वास तसाच येत होता, आणि मला जायला बंदी होती. माझ्या अंगणातून मला काकी दिसायची, काट्यांच्या पलीकडे, गोवऱ्या थापताना. ती वर बघायची नाही. नानांनी तिला शपथ घातली होती, असं आई म्हणायची. मी एकदा नुसतं ‘काकी’ अशी हाक मारली तर ती शेणाचे हात तसेच घेऊन घरात निघून गेली. त्या दिवशी मी जेवले नाही. आईनं मला समजावलं की संकट येतं त्यात देवाचा काही हेतू असतो. मी म्हणाले, ‘मग त्याला सांग, दुसरा काहीतरी हेतू धर म्हणावं.’ आईनं तोंडावर एक लगावली, आणि मग स्वतःच रडत बसली.

माझं ते मत पुढेही फारसं बदललं नाही. माझे यजमान गेले तेव्हा चर्चच्या मंडळीतले सगळे भेटायला आले. प्रत्येकजण देवाचा हेतू सांगून, चहा पिऊन गेला. मी कप विसळत राहिले.

आमचा रविवार म्हणजे पहिल्या एस.टी.नं जुन्नर. आई पांढरं पातळ नेसायची, पवित्र शास्त्र फडक्यात बांधून छातीशी धरायची, आणि आप्पा फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे चालायचे. देवळात, म्हणजे चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, एका बाजूला बाया आणि एका बाजूला पुरुष असे सतरंजीवर बसायचे. ढोलकी असायची, टाळ असायचे. गाणी सुरू झाली की आप्पा डोळे मिटायचे. एरवी हुं की चूं न करणारा हा माणूस तिथे मोठ्यानं गायचा, आणि इतका बेसूर गायचा की मला लाज वाटायची. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की इथून पुढे रविवारी मी औताला, मोटेला, मोटरीला हात लावणार नाही, तो दिवस प्रभूचा. असं कुणी त्यांना सांगायला सांगितलं नव्हतं. आमचे पाळक साहेबसुद्धा जरा चकित झाले. पण आप्पा एकदा बोलले की बोलले. त्यात श्रद्धा किती आणि आडमुठेपणा किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

विहीर दोघा भावांची सामाईक होती. एक मोटर, स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीला एक कुलूप, आणि दोन्ही घरांत एकेक किल्ली. एरवी पाणी भरपूर असायचं, पण त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला आणि विहीर तळाला गेली. मोटर आठवड्यातून दोनदाच चालेल इतकं पाणी साठायचं. रानात उन्हाळी कांदा उभा होता, दोघांचाही. तेव्हा गावातल्या जाणत्यांनी दोघांना समोर बसवून पाण्याचे वाटे करायला सांगितलं. आमच्याकडे वाटणीची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही. आप्पांनी वाटे पाडले: एक गुरुवार, एक रविवार. आणि नानांकडे बघत बसले. नाना म्हणाले, ‘मला बेस्तरवार. रविवार त्यांच्या देवाचा वार हाये, तो त्यांचा त्यांनाच असू द्या.’ बसलेली माणसं हसली. आप्पा उठून घरी आले.

आई त्यांच्यावर अशी कडाडली की भिंतीपलीकडेही ऐकू गेलं असणार. ‘रविवार वाट्यात घातलाच कशाला? सोमवार व्हता, शुक्रवार व्हता. तुमच्या हातात व्हतं ना वाटं पाडायचं?’ आप्पा चपला काढून कोपऱ्यात बसले आणि पायाला लागलेली माती खरवडत राहिले. त्यांनी असं का केलं हे मला कळायला माझी मुलं मोठी व्हावी लागली. नाना आपल्याला ओळखतात, रविवार आपल्यासाठी किती अडचणीचा हे त्यांना ठाऊक आहे, आणि वेळ आली की तेच रविवार उचलून आपल्याला गुरुवार सोडतील, एवढं त्यांना बघायचं होतं. रानातला सगळा कांदा त्यांनी त्या एका गोष्टीवर लावला होता. असा वेडेपणा परका माणूस करत नाही, सख्खा भाऊच करतो.

मग काय व्हायचं ते झालं. रविवारी आम्ही जुन्नरला, विहीर भरलेली, आणि मोटर बंद. गडी लावून पाणी द्यावं तर आप्पा म्हणायचे, माझ्या रविवारी दुसऱ्याला राबवू का? आणि दोघा भावांच्या मध्ये पडायला गावात कुणी तयारही नव्हतं. पाळक साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की देव काही कांदा वाळवायला सांगत नाही. आप्पांनी मान हलवली आणि ऐकलं नाही. कांद्याची पात शेंड्याकडून पिवळी पडायला लागली. आई बांधावर जायची आणि परत येऊन कुणाशी बोलायची नाही. वर्षाची मीठमिरची, आमचे कपडे, माझी शाळा, सगळं त्या वाफ्यांत होतं. नानांचा कांदा मात्र शेजारीच हिरवागार होता.

आणि एका रविवारी आम्ही संध्याकाळी परत आलो तर आमचे वाफे भिजलेले होते. आप्पा म्हणाले, वरचा पाट फुटला असेल. पण पाट कुठे फुटलेला दिसेना. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. वाफ्या-वाफ्याच्या बांधातली दारं नीट मोडून, नीट बुजवून पाणी दिलेलं. फुटलेल्या पाटाचं पाणी असं शिस्तीत जात नाही. मोटरीच्या पेटीचं कुलूप जागच्या जागी होतं. किल्ली दोनच घरांत होती. आम्ही रविवारी पहिल्या एस.टी.नं निघायचो, नाना त्यानंतरच्या गाडीनं जुन्नरच्याच बाजाराला जायचे, आणि येताना सगळे एकाच गाडीत असायचो, ते पुढच्या बाकावर, आम्ही मागे, एकमेकांशी अवाक्षर न बोलता. म्हणजे आपण गेल्यावर आणि स्वतः निघायच्या आधी नानाच मोटर सुरू करत असतील, असा त्याचा अर्थ होत होता. आप्पांनी तो मोठ्यानं सांगितला नाही. पण त्या आठवड्यात ते गोठ्यात गाणं गुणगुणताना ऐकू आले.

त्यानंतरच्या रविवारी मला गालगुंड झालं. दोन्ही गाल टरारून सुजले होते. आईनं कानाभोवती लोकरी फडकं बांधलं, उशाशी पेजेचं भांडं ठेवलं आणि सगळे जुन्नरला गेले. थोड्या वेळानं पलीकडे नानांच्या वहाणा वाजल्या, दार वाजलं, ते गेले. आणि मग विहिरीवर मोटर सुरू झाली. मी फडकं बांधलेल्या अवतारातच उठले आणि रानात गेले. आमच्या वाफ्यात काकी उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात खोरं, पाय चिखलात. तिनं मला पाहिलं आणि तिचा जीव अर्धा झाला.

‘कुनी पाठिवलं तुला?’

‘कुणी नाही. मी घरीच होते.’

‘आन् त्वांड का सुजलंय एवढं?’

मी रडायलाच लागले. गाल दुखत होते म्हणून नाही. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याशी बोलत होती म्हणून. तिनं खोरं टाकलं, वाफ्यातला गार चिखल उचलला आणि माझ्या दोन्ही गालांवर थापला. ‘लेप हाये. पुसू नगंस.’

‘नानांना माहीत आहे?’

‘त्यांना कळलं तर मला म्हायेरी धाडतील. बोलायचं न्हाई कुनाला. माझ्या गळ्याची आन.’

‘पण काकी, आम्ही तर आता…’

‘तुमी आसाल किरिस्ताव,’ ती खोरं उचलत म्हणाली, ‘कांदा झालाय व्हय? त्येला तहान लागती.’

मग मी बांधावर बसले आणि ती दारं मोडत, बुजवत गेली. मधूनच ती विचारायची, शाळेत जातेस का, आईची कंबर कशी आहे, आप्पा जेवतात का नीट. मी गाल न हलवता उत्तरं देत होते. तो दिवस संपू नये असं मला वाटत होतं. माझ्या आयुष्यात पुढे पुष्कळ चांगले दिवस आले, मी ते नाकारत नाही. पण पुन्हा एखादा दिवस जगायला देतो असं कुणी म्हणालं तर मी गालगुंडासकट तोच मागून घेईन. काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची आठवण मला देवळात येत नाही, कांदा चिरताना येते. तेव्हा डोळ्यांतलं पाणी कशाचं हे सुनेला सांगावं लागत नाही, ही एक सोय.

संध्याकाळी आईनं माझ्या गालांवरचा वाळलेला चिखल पाहिला. तांब्यात पाणी घेतलं आणि हलक्या हातानं सगळा धुऊन काढला.

पुढच्या रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली. साक्ष म्हणजे ज्याला देवाचा काही अनुभव आला असेल त्यानं उठून तो सगळ्यांना सांगायचा. आप्पा आजवर कधी उठले नव्हते. त्या दिवशी उठले. फेटा सावरला, घसा खाकरला. ‘माझ्या भावाचं आन् माझं बोलनं नव्हतं,’ ते म्हणाले. ‘रविवारी मी हितं गातो आन् माझं रान वाळतं, आसं चाललं व्हतं. माझ्या भावानं माझं रान भिजिवलं. मला न सांगता भिजिवलं. मी देवाकडं पाऊस मागत व्हतो, त्यानं मला माझा भाऊ दिला.’ आणि खाली बसले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी आईकडे पाहिलं. ती समोर बघत होती, ओठ घट्ट मिटून. आता ही गोष्ट नानांच्या कानावर जाणार. ते म्हणणार, मी नाही. मग विचारणार, कुणी? आणि दुसरी किल्ली कुणाच्या हाताशी असते हे त्यांना कळायला पळभरही वेळ लागणार नव्हता. काकी माहेरी जाणार होती. ती कायमची जाणार, अशीच माझी समजूत झाली होती.

वेळ फार लागला नाही. उपासना सुटली आणि मंडळी बाजारात शिरली. आमच्या मंडळीतले एक म्हातारे मास्तर होते, अंगानं काडी आणि आवाजानं ढोल. त्यांनी नानांना दोरखंडाच्या दुकानासमोर गाठलं आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. ‘सलाम, नाना, सलाम! धन्य तुमची! भाऊ असावा तर असा!’ नाना त्यांच्याकडे बघतच राहिले. तोवर आणखी दोघं आली. समोरच्या किराणा दुकानातले मारवाडी शेठ गादीवरून वाकून बघत होते, त्यांनी मास्तरांकडून सगळं समजून घेतलं आणि पोऱ्याला चहा आणायला पिटाळलं. ‘नाना, इतकी वर्षं माल घेता आमच्याकडून, कधी बोलला नाहीत. घरात वाटण्यांवरून डोकी फुटताना बघतो आम्ही रोज. बसा, बसा इथे.’ नानांना गादीवर बसवलं, हातात कप दिला. त्यांची मान खाली गेली होती. आईचा हात धरून मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. रागानं लाल झालेले नाना मी पाहिले होते, पण तसे नाना कधी पाहिले नव्हते.

परतीच्या गाडीत ते नेहमीसारखे पुढच्या बाकावर बसले. मी सगळा रस्ता त्यांच्या मानेकडे बघत होते. आळेफाटा गेला, खिडकीतून धूळ येत होती, कोंबड्यांची एक पाटी मधल्या वाटेत ठेवली होती, आणि मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते. ती काही शहाणी प्रार्थना नव्हती. गाडी बंद पडू दे, नाना विसरू देत, असलं काहीतरी होतं.

दिवेलागणीला ते आले. कुंपणाला वळसा घालून, रस्त्यानं, पुढच्या दारी आले आणि ओट्याखालीच उभे राहिले. आप्पा कंदिलाची काच पुसत होते. ती हातात तशीच धरून ते बाहेर आले. पलीकडे काकी तिच्या दारात उभी होती, पदराचं टोक दातात धरून.

‘दादा,’ नाना म्हणाले.

हा शब्द आमच्या दारात किती दिवसांनी ऐकू आला होता. आप्पांनी काच ओट्यावर ठेवली. ‘ये. वर ये.’

‘न्हाई येत. बाजारात लोकं कायबाय बोलत्यात.’

‘म्याच सांगितलंय त्यांना.’

‘काय सांगितलंय?’

‘माझ्या भावानं माझं रान भिजिवलं, म्हनून.’

नानांनी मागे वळून काट्यांच्या पलीकडे पाहिलं. काकीनं मान खाली घातली. त्यांना कळलं. कळलं ते मला त्यांच्या खांद्यांवरून दिसलं. ते एकदम ताठ झाले. मग ते पुन्हा आप्पांकडे वळले. ‘मी नाही’ एवढे दोनच शब्द त्यांना म्हणायचे होते, आणि ते खरे होते. आप्पा ओट्याच्या कडेला आले होते. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. इतकी आशा मोठ्या माणसाच्या तोंडावर मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. नाना पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली, थांबली.

‘शेवटच्या वाफ्यापतूर जातं का पानी?’ नानांनी विचारलं.

आप्पा म्हणाले, ‘न्हाई. शेवटच्या दोनाला कमी पडतं.’

‘खालचा पाट गाळानं भरलाय. उपसाया पायजे.’

‘व्हय.’

‘बगतो,’ नाना म्हणाले, आणि आले तसे वळसा घालून गेले.

मी पळत जाऊन भिंतीला कान लावला. मग नानांचा आवाज आला, ‘खोरं कुठं ठिवलंयस?’ काकी म्हणाली, ‘गोठ्यात.’ आणि मग ताट वाढल्याचा आवाज आला. मी भिंतीला टेकून खाली बसले.

त्यानंतरच्या रविवारी परतीच्या गाडीत पुढचा बाक रिकामा होता. आम्ही फाट्यावर उतरून पायी निघालो. ओढ्याच्या अलीकडे रस्ता वळतो आणि तिथून आमचं रान दिसतं. आप्पा पुढे होते, ते एकदम थांबले. दिवस कलला होता. आमच्या रानात नाना होते. धोतर खोचलेलं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, ते खालच्या पाटातला गाळ उपसून वर टाकत होते आणि पाणी शेवटच्या वाफ्याकडे निघालं होतं. त्या दिवशी वीज उशिरा आली असावी. त्यांचं काम आमच्या येण्यापर्यंत लांबलं होतं.

‘बसा,’ आप्पा म्हणाले.

‘हितं?’ आई म्हणाली. ‘पोरांना भुका लागल्यात.’

‘बसा म्हनतो ना. आन् तिकडं पाठ करून बसा. त्याला आसं वाटाया नगं का आपुन बघतोय.’

मग आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला, रानाकडे पाठ करून, रविवारच्या कपड्यांत धुळीत बसलो. माझा धाकटा भाऊ कुरकुरत होता. आई जरा वेळानं हळूच म्हणाली, ‘आधीची पावलं बारकी व्हती. चिखलात जोडव्याचा ठसा बी व्हता.’

‘ठावं हाये मला,’ आप्पा म्हणाले. ‘आज त्यो हाये ना.’

म्हणजे त्यांना माहीत होतं. आपण देवळात उभं राहून काय सांगतोय हे माहीत होतं, आणि रविवारी मोटरीच्या बटनाला बोट न लावणाऱ्या माणसानं ते सांगितलं होतं. ते खोटं होतं का, यावर मी आयुष्यभर त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत आले आहे. आई म्हणायची, ते आधी बोलले आणि देवानं नंतर खरं केलं. मला एवढं सोपं करून सांगता येत नाही. देवाचा हेतू मला पुष्कळांनी पुष्कळदा समजावून दिला. तो माझ्या अगदी जवळ आल्यासारखा मला एकदाच वाटला, आणि तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. त्या जागी पुन्हा जाऊन बसावं असं फार वाटतं. जागा असेलही. शेजारी बसायला आता त्यांतलं कुणी राहिलेलं नाही.

मागून पाणी वाफ्यात शिरल्याचा आवाज येत होता, मधूनच खोऱ्याचा एखादा घाव ऐकू यायचा. मला वळून बघायची इतकी इच्छा होत होती की मान दुखायला लागली. आप्पांनी माझा हात धरून ठेवला होता.

‘आप्पा, झालं का हो त्यांचं?’ मी विचारलं.

‘एवढ्यात नगं होऊ दे,’ ते म्हणाले.